सुधाताईंची परात

फोन आला तेव्हा मी परातीपाशीच उभी होते. वरची जाळी काढून बाजूला ठेवली होती, पितळेचं मापटं हौदात बुडवून भरलं होतं आणि आता ओतणार, तेवढ्यात कमरेला खोचलेला मोबाइल वाजला. रोज त्याच वेळेला वाजायचा. माझी नणंद, सुधाताई, बुलढाण्याहून विचारायच्या, "वहिनी, आज किती लागलं?" त्या दिवशी मी नावसुद्धा न बघता बोलून मोकळी झाले, "अहो, ओतू तर द्या आधी! तुम्हाला काही दम निघत नाही बाप्पा!" पलीकडून आवाज आला तो त्यांच्या शेजारणीचा. कोर्टात नोकरी करणाऱ्या बाई त्या, सकाळचं दूध सुधाताईंकडे ठेवून मग कामावर जायच्या. दार उघडलं नाही म्हणून जवळच्या किल्लीनं त्यांनी उघडलं, तर ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या, पुढ्यात चहाचा कप, डोळे मिटलेले... "गेल्या हो ताई," एवढंच त्या बोलू शकल्या. मी भरलेलं मापटं परातीच्या काठावर ठेवलं आणि घराकडे चालायला लागले. पाय चालत होते, एवढंच खरं.

होळी नुकतीच होऊन गेली होती. आता ऊन चांगलंच तापलंय आणि सुधाताईंना जाऊन काही आठवडे झालेत. पेपरच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहा असं सांगणारे सांगतात, "त्या मोठ्या शास्त्रज्ञ होत्या, त्यांचं संशोधन लिहा." संशोधन मी काय लिहिणार? मी मेहकरची, बाजारगल्लीत वाढलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. लग्न होऊन सुलतानपूरला आले तेव्हा सुधाताई पुण्याला शिकत होत्या. वयानं आम्ही सारख्याच, पण नात्यानं त्या नणंद, म्हणून त्या मला 'वहिनी, तू' म्हणायच्या आणि मी त्यांना 'ताई, तुम्ही'. पुढे त्या तिथल्याच एका शेतीसंशोधन संस्थेत लागल्या, लग्न केलं नाही, देशभरात कुठकुठल्या शेतांमध्ये खांब रोवत हिंडल्या. दिवाळीला घरी आल्या की सासूबाई विचारायच्या, "सुधे, तू नेमकं करते काय वं?" आणि सुधाताई लाडू तोंडात कोंबून सांगायच्या, "शेतातून आभाळात काय काय जाते ते मोजते, माय." सासूबाई माझ्याकडे बघायच्या. मी खांदे उडवायची.

निवृत्त झाल्यावर त्या बुलढाण्याला येऊन राहिल्या. सुलतानपूरचा उन्हाळा सोसवत नाही, वर घाटावर बरं वाटतं, असं म्हणायच्या. पण मूळ कारण वेगळं होतं. आमचं मळ्यातल्या घराला लागूनचं रान, मेहकर-लोणार रस्त्यापासून आत, हलक्या उताराचं, मधे ना झाड ना झुडूप, ते त्यांच्या डोळ्यांत भरलं होतं. नेमकी त्याच वर्षी आमच्या यांच्या डोक्यात संत्री शिरली होती. आमचे हे म्हणजे श्रीरामराव, सुधाताईंचे थोरले भाऊ. सोयाबीन आणि तूर करून कंटाळले होते. सगळ्या रानात संत्र्याची बाग लावायची, विहीर आहेच, ठिबक टाकायचं, रोपंसुद्धा सांगून ठेवलेली... आणि ही बहीण दारात येऊन उभी. म्हणाली, "दादा, एक वर्ष थांब. उघड्या रानातून वर्षभरात किती पाणी उडते ते मोजू दे. मंग तुह्या विहिरीत किती झाडं पोसायचा दम हाय ते सांगते. आन बाग लावली तरी झाडं मोठी होईस्तोवर मोजायचं. मधे खंड नाही पडला पाहिजे. मले एवढंच पाहिजे, दुसरं काही मागत नाही तुले." रान वडिलोपार्जित, त्यांचाही वाटा होताच. पण वाट्याचं त्यांनी नावही काढलं नाही. यांनी तोंड पाडून रोपांचा सांगावा मागे घेतला. मी तर चांगलीच तापले होते. नवरा इतकी वर्षं ज्या बागेची स्वप्नं बघतोय ती नणंदेच्या एका खांबासाठी अडायची? मी भांडी जरा जास्तच आपटली असतील त्या दिवशी. सुधाताई स्वयंपाकघरात आल्या, माझ्या हातातली कढई काढून घेतली आणि म्हणाल्या, "हिच्यावर काऊन राग काढतेस? माह्यावर काढ." मग कसला राग काढता?

खांब उभा राहिला. माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचा, वर धातूची तीन बोटं खाली वाकलेली आणि तीन वर, एकमेकांसमोर. बाजूला आणखी एक नळकांडं. गावात चर्चा सुरू झाली, मोबाइलचा टॉवर आला म्हणून. येणारे-जाणारे विचारायचे, आता रेंज मिळेल का? सुधाताई हसायच्या. "सगळे लोक लोणारचं विवर पाह्यला इथून जाते," त्या म्हणायच्या, "आन रस्त्याच्या बाजूच्या शेताकडं कोनी मान वळवून पाहत नाही." एकदा मी त्यांना स्पष्टच विचारलं, की ही बोटं करतात तरी काय? माझ्यासारखीला कळेल असं सांगा, नाहीतर सांगूच नका. तर म्हणाल्या, "मेहकरचं बस स्टँड आठव. गाडी लागली की दारातून काही लोक चढते, काही उतरते. दारात उभं राहून जो चढणारे न उतरणारे मोजंन, त्याले समजंन गाडीत किती राह्यले. वाराबी तसाच. तो सरळ वाहत नाही, भोवरे भोवरे करत येते. एक भोवरा वर जाते तो जमिनीची वाफ न गर्मी घेऊन जाते, दुसरा खाली येते तो वरची हवा घेऊन येते. हा खांब म्हंजे त्या दारातला कंडक्टर हाय. एका सेकंदात कित्येकदा मोजते." मी मेहकरची असल्यामुळे मला हे एकदम पटलं. आणि त्या दिवसापासून खांबाचं नाव आमच्या घरात कंडक्टर पडलं ते पडलंच.

परात मात्र साधी होती. लाकडी चौकटीवर ठेवलेलं जस्ताचं मोठं गोल भांडं, आत पाणी, वर पाखरांपासून जाळी. आत एका कडेला एक टोकदार खिळा उभा. सकाळी बघायचं, पाणी खिळ्याच्या टोकाच्या किती खाली गेलं, आणि पितळेच्या मापट्यानं मोजून पुन्हा टोकापर्यंत आणायचं. जेवढी मापटी लागली तेवढं पाणी कालच्या दिवसात उडालं. कंडक्टरचं मोजमाप आपोआप चालायचं, पण परात त्याला ताळ्यावर ठेवायला होती, दोन्हींचा मेळ बघायचा. सुरुवातीला सुधाताईंनी त्यात खिळ्याबरोबर एक पट्टी लावली होती. तेव्हा रोज पाणी घालायचं नव्हतंच, फक्त पातळी किती उतरली ते त्या आठवड्यातून एकदा येऊन बघणार होत्या. चैत्र सरला, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली, वैशाखाचं ऊन असं की पायात चप्पल असूनही चटके. सुधाताई आल्या, पट्टी बघितली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली. पाणी जिथल्या तिथे. ऐन वैशाखात परातीतून एक थेंब उडालेला नाही! भांड्याखाली हात घालून बघितलं, चौकट तपासली, आभाळाकडं बघितलं, आमच्या यांना विचारलं की पाऊस झाला होता का. "पाऊस?" हे म्हणाले, "वैशाखात? पुण्याचं पाणी डोक्यात गेलं का तुह्या?" त्या परातीपाशी बांधावर बसून राहिल्या. चहाला बोलावलं तरी येईनात. ज्या महिन्याच्या आकड्यांसाठी सगळा आटापिटा, नेमका तोच महिना हातातून निसटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी ओट्यावर दात घासत उभ्या होतो. सासूबाई कळशी घेऊन घराबाहेर पडल्या, सावकाश परातीपाशी गेल्या, जाळी उचलली आणि कळशी परातीत रिती केली. मग पदरानं काठ पुसला, जाळी ठेवली, हात जोडले आणि परत निघाल्या. सुधाताईंच्या तोंडातली पेस्ट तशीच राहिली. "माय! काय करून राह्यली तू?" सासूबाई थांबल्या. "काय केलं म्हंते? पाणी कमी झालतं ते भरलं." "काऊन भरलं?" तशी त्याच उखडल्या, "काऊन म्हंजे? वैशाख हाय. आखाजी झाली. या महिन्यात मांडलेलं भांडं उणं ठेवतेत का? पाखरं चोची आपटून जातेत बाप्पा. तू तर ठेवून चाल्ली जाते बुलढाण्याले. पोरीनं मांडलेलं पाणी मीच पाह्यलं पाहिजे का नाही?" रोज भरत होत्या. कधी एक कळशी, कधी दोन, कधी शेजारची बाई येऊन घालून जायची. आमच्याकडे आखाजीला घरातल्या गेलेल्यांच्या नावानं मातीची घागर भरतात, तिथून वैशाखभर कुठलंही पाण्याचं भांडं रिकामं दिसलं की भरायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. त्या नेमाला एका खिळ्यानं आणि पट्टीनं थोडंच थांबवायचं होतं!

मला वाटलं, आता ताईंच्या तोंडाचा पट्टा सुटणार. माझ्या शाळेत कुणी परीक्षेच्या पेपरावर पाणी सांडलं असतं तर मी आभाळ डोक्यावर घेतलं असतं. सुधाताई मात्र ओट्याच्या पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग उठून पितळेचं मापटं आणलं आणि आईच्या हातात दिलं. "माय, तुह्या मनासारखं कर. रोज भर. पण कळशीनं नाही, ह्यानं. खिळ्याच्या टोकापर्यंत. आन किती मापटी घातली ते मले सांग." सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी क्षणभर विचार केला, आत गेल्या आणि तुरीचे मूठभर दाणे घेऊन आल्या. एका मापट्याला एक दाणा, ओट्याच्या कोनाड्यात. अर्धंच लागलं तर? "अर्ध्याले डाळ," त्या म्हणाल्या, जसं काही यात विचारण्यासारखं काय आहे! सुधाताईंनी त्या आठवड्यात मेहकरच्या भांडेवाल्याकडून नवं मापटं करून आणलं, कान असलेलं, आईला धरायला सोपं पडावं म्हणून. पट्टी काढून टाकली. पुढे पुण्याचे लोक बघायला आले तेव्हा त्या सांगायच्या, "आमच्या पद्धतीत नोंद तुरीत होते." लोकांना वाटायचं, त्या थट्टा करतात.

पण ते वर्ष गेलं ते गेलंच. सुधाताईंनी भावापुढे सरळ मान्य केलं, उन्हाळ्याचा मेळ बसत नाही, आणखी एक वर्ष पाहिजे. आमच्या यांनी कपाळाला हात लावला. रोपांचा सांगावा दुसऱ्यांदा मागे घ्यायचा म्हणजे तोंड दाखवायला जागा नाही. मी म्हटलं, आता घरात महाभारत होणार. हे आईकडे बघत म्हणाले, "हिनं पाणी घातलं, आन तहान माह्या बागेनं काढायची!" सासूबाईंना पहिल्यांदाच कळलं की आपल्या कळशीमुळे काय अडलं. त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी सुधाताई त्यांच्यापाशी बसल्या, त्यांचे पाय चेपत राहिल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र सासूबाई दिवस उजाडायच्या आधी परातीपाशी जाऊन बसायला लागल्या. कुणालाही जवळ फिरकू द्यायच्या नाहीत. शेजारीण कळशी घेऊन आली तर काठी उगारायच्या.

दुसरं वर्ष पूर्ण झालं. खंड नाही पडला. सुधाताई कागद घेऊन जेवणाच्या वेळी बसल्या आणि सांगितलं, विहिरीच्या जोरावर रानाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात बाग लावता येईल, खालच्या अंगाला, बाकी तूर-सोयाबीनच राहू दे. हे म्हणाले, "अर्ध्यात लावीन." "नाही पुरणार." "पुरवीन. बुडाशी काडीकचरा टाकीन, पालापाचोळा टाकीन, उघडी जमीनच ठेवत नाही." भाऊ-बहिणीची अशी जुंपली की भाकरी गार झाली. शेवटी मी विचारलं, ताई, तुमचे आकडे पक्के आहेत ना, मग हे ऐकत का नाहीत? तशी त्यांनी कागद बाजूला ठेवले. म्हणाल्या, "पक्के नाही वहिनी. खरं सांगू? माह्या मोजण्यात दरवेळी थोडं कमी पडते. सूर्य दिवसभर शेताले जेवढी गर्मी देते, शेत ती तीन ठिकाणी खर्च करते. थोडी हवा तापवायले, थोडी पाण्याची वाफ करायले, थोडी खाली मातीत जाते. तिन्हीची बेरीज सूर्यानं दिली तेवढी भरली पाहिजे. भरत नाही. दरवेळी थोडं कुठंतरी राहून जाते. माह्यंच नाही, जगात ज्यानं ज्यानं खांब रोवला, त्याचं असंच होते." मी मास्तरीण. माझ्यासमोर बेरीज जुळत नाही म्हणून कुणी असं निवांत सांगावं? "मग जातं कुठं ते?" "मोठे भोवरे असते, ते खांबाजवळून नाही जात, दुसरीकडूनच निघून जाते." आणि मग हसून म्हणाल्या, "मेहकरले लोक खिडकीतून नाही चढत का? रुमाल टाकते, पोरगं आत ढकलते... कंडक्टर दारात उभा, त्याले काय दिसते?" "आणि तुम्हाला त्याचं काही वाटत नाही?" "वाटते ना. पण खिडकीतून चढणारे हायेत म्हणून दारातले मोजणं सोडू का?"

यांनी अर्ध्या रानातच लावली. बुडाशी पालापाचोळ्याचे थर टाकले, सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, टाकलं. त्यानंतरचा उन्हाळा वाईट गेला, विहीर तळाला लागली, सुधाताई रोज फोनवर, रोज काळजीत. आणि बाग जगली. वरच्या ओळीतली काही झाडं गेली, पण बाकीची तगली. सुधाताईंनी खांबाचे आकडे बघितले, पालापाचोळ्यामुळे जमिनीतून उडणारं पाणी बरंच आटोक्यात आलं होतं. स्वतःचा अंदाज चुकला म्हणून इतकी खूश झालेली बाई मी दुसरी बघितलेली नाही. सरळ बुलढाण्याहून एसटीनं पेढे घेऊन आल्या. "दादा, तू मले हरवलं रे!" यांनी पेढा खाल्ला आणि बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. बोलले काहीच नाहीत. आमच्या घरातल्या पुरुषांना बोलायला जमत नाही, हा जुना आजार आहे. पण तिचं काहीच ऐकलं नसतं आणि सगळं रान लावलं असतं, तर सगळंच गेलं असतं, हे ते मला रात्रंदिवस सांगत बसायचे. बहिणीला सांगायचं सोडून मला!

पुढे सासूबाईंचे गुडघे फारच दुखायला लागले आणि परात माझ्याकडे आली. तेव्हापासून तो सकाळचा फोन. निवृत्त झाल्यावर मला वाटलं होतं, आता सकाळी आरामात उठू. कशाचं काय! तापानं फणफणलेली असताना, पाहुणे दारात असताना, धो धो पाऊस असताना (पावसात पाणी वर येतं, मग मापट्यानं काढायचं)... फोन चुकला नाही. मी वैतागून म्हणायची, तुमच्यापेक्षा शाळेचे साहेब बरे होते, रविवारी तरी सोडायचे. "शेताले रविवार असते का वं?" एवढं म्हटलं की झालं. आमची एवढीशी बोलणी, पण त्यात सगळं यायचं. किती लागलं, मायचं काय चाललंय, दादानं गोळी घेतली का, संत्र्याला बहार कसा आहे. कधी मी आकडा सांगायच्या आधीच त्या म्हणायच्या, "थांब, मी सांगते. आज वारा व्हता, जास्त लागलं असंन." आणि बहुतेक वेळा बरोबर असायचं. चुकलं तर पुन्हा दुप्पट खूश.

त्यांना आम्ही सुलतानपूरलाच आणलं. दुपारी गाडी आली. रानाच्या कडेला, वडिलांना दिला होता त्याच जागेवर भावानं अग्नी दिला. सासूबाई ओट्यावर बसून होत्या, रडल्या नाहीत. पुढचे दिवस माणसांच्या गर्दीत कसे गेले कळलं नाही. कुणी येतंय, कुणी जातंय, चूल शेजारी, झोप कुठंतरी भिंतीला टेकून. परातीची आठवण मला झाली नाही... खोटं कशाला बोलू, झाली होती एकदा, पण सकाळ व्हायची आणि फोन वाजायचा नाही, तर त्या दिशेनं पाऊलच उचलवत नव्हतं.

तेरवीनंतर पुण्याहून अनघा आली. सुधाताईंची विद्यार्थिनी, आता त्याच संस्थेत आहे. खांब संस्थेचा, सुधाताईंच्या शब्दावर इथे उभा होता. त्या नाहीत म्हटल्यावर तो परत न्यायचा निरोप होता. पोरगी बिचारी अवघडून बसली. "वहिनी, वाईट वाटतं हो. वरच्या यंत्राची नोंद चालू आहे, पण परातीची नोंद या दिवसांत तुटलीच असणार ना? मग संस्था म्हणते, तिथे आता बघणार कोण?" आमचे हे खाली मान घालून बसले होते. एकदम म्हणाले, "तिनं एकच मागितलं व्हतं मले. खंड पडू देऊ नको." आणि रडायला लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला तिथे बसवेना. उठले, परातीकडे गेले. पाणी किती खाली गेलं असेल, तळ दिसत असेल, पाखरं मेलेली असतील, काय काय मनात येत होतं. जाऊन बघते तर पाणी खिळ्याच्या टोकाशी. बरोब्बर टोकाशी. जाळी नीट बसवलेली, मापटं हौदाच्या कडेला पालथं घातलेलं. आधी वाटलं, कुणीतरी पुन्हा कळशीनं भरलं. झालं, आता होतं नव्हतं तेही गेलं.

मागून काठीचा आवाज आला. सासूबाई ओट्याच्या पायरीवर येऊन थांबल्या होत्या. "कोनाड्यात पाह्य," त्या म्हणाल्या. कोनाड्यात तुरीच्या दाण्यांच्या लहान लहान ढिगल्या होत्या, डावीकडून उजवीकडं, ओळीनं. काही ढिगल्यांशेजारी डाळीचा एकेक तुकडा. मी पहिल्या ढिगलीवर बोट ठेवलं. "ही कोणत्या दिवसाची, सासूबाई?" त्या माझ्याकडे न बघता रानाच्या कडेकडे बघत होत्या. "तिची गाडी यायची व्हती तवाची," म्हणाल्या. "तू मापटं तसंच भरून ठेवून आल्ती. ते घातलं, मंग बाकीचे घातले." आम्ही सगळे फोन करत, रडत, धावत होतो, तेव्हा ही म्हातारी त्या गुडघ्यांनी परातीपर्यंत गेली होती. आणि मग रोज. घर माणसांनी भरलेलं असताना, रोज. मी त्यांना धरून तिथेच बसले आणि मोठ्यानं रडले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मंग काय करू? एकदा माह्या हातानं तिचं वरीस गेलं व्हतं. आन ती इचारल्याशिवाय राह्यते का?"

अनघानं कोनाड्यासमोर मांडी घातली आणि एकेक ढिगली मोजून लॅपटॉपवर चढवली. खांबाच्या नोंदीशी लावून बघितली. ज्या दिवशी वारा जास्त, त्या दिवशीची ढिगली मोठी. मधे एका दिवशी आभाळ भरून आलं होतं, त्या दिवशीची ढिगली लहान. "जुळतंय," ती म्हणाली, मग पुन्हा म्हणाली, "वहिनी, जुळतंय हो!" बाहेर जाऊन तिनं बराच वेळ फोनवर कुणाशी तरी वाद घातला. आत आली ती खांब तसाच ठेवून परत जायचं ठरवूनच. झाडं पूर्ण वाढेपर्यंत कंडक्टर इथेच राहणार, परात मी बघणार आणि आकडा रोज अनघाला कळवणार. यांनी तिला वाटेत खायला पिशवीभर संत्री दिली. उन्हात ती पिशवी उचलून एसटीत चढली. खिडकीतून नाही, दारातून.

तेव्हापासून रोज सकाळी मी परातीपाशी जाते. त्या वेळेला अजूनही हात कमरेच्या मोबाइलकडे जातो. फोन वाजत नाही, पण ओट्यावरून सासूबाईंचा आवाज येतो, "किती लागलं वं?" मी ओरडून सांगते. त्या कोनाड्यात दाणे ठेवतात. मी आकडा पाठवते खरी, तरी त्यांना दाणे लागतातच.

परवा आखाजी झाली. यंदा सुधाताईंच्या नावाची नवी घागर आणली होती. मी ती हौदातून बुडबुड करून भरली आणि ओट्यावर सासूबाईंसमोर ठेवली. पूजेचं ताट घेऊन हे आले. सासूबाईंनी घागरीच्या अंगावर हात ठेवला, नवी माती पाणी पिऊन ओली, गार होत होती. त्यांनी मला विचारलं, "किती लागलं?" मी म्हटलं, "सासूबाई, घागरीचं कुठं कुणी मोजतं का?" त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू इतकी वर्षं मी मास्तरीण होते त्याचा काही उपयोग झाला नाही. म्हणाल्या, "तिची हाय ना? मंग मोज. ती इचारंन." आमच्या यांनी पूजेचं ताट खाली ठेवलं. मी भरलेली घागर उचलून हौदात रिकामी केली, कोनाड्यापाशी सासूबाई दाणे घेऊन बसल्या, आणि मी पितळेच्या मापट्यानं ती पुन्हा भरायला घेतली.